शेवट आधीच सांगितलेला बरा

५ जानेवारी १९६४, चिखली
यंदा एकही सिनेमा पाहायचा नाही असं ठरवलं होतं. पण मी नाही पाहिला तर या गावाला सावध कोण करणार? म्हणून निश्चयात थोडी सुधारणा. नजीरभाईंच्या सिनेमाच्या तंबूत प्रत्येक नवा खेळ पहिल्याच दिवशी पाहायचा आणि दुसऱ्या दिवशी लोकांना सांगून टाकायचा. शेवटासकट. शेवट कळला की माणूस फसत नाही.
सिनेमांची नावं इथे लिहिणार नाही. फुकट जाहिरात होते.

७ जानेवारी
पौराणिक. संताप, संताप. देव आकाशातून उतरतात ती तार दिसते! चांगली जाड तार, धोतरं वाळत घालावीत अशी. मी उभा राहून लोकांना तार दाखवली. पडद्यापुढे नारळ फोडून बसलेल्या रुखमाबाई मागे वळल्या आणि म्हणाल्या, खाली बस रे बाप्पा, देव दिसून नाही राह्यला. तार दिसते हे मात्र कोणी कबूल केलं नाही.

८ जानेवारी
कापसाच्या जिनमध्ये सगळ्यांना तारेविषयी सांगितलं. मी या जिनमध्ये कारकून आहे, मॅट्रिक आहे, माझ्या शब्दाला वजन आहे. वजनकाट्यावरचा दयाराम लक्ष देऊन ऐकत होता. संध्याकाळी घरच्यांना घेऊन तोच तंबूच्या रांगेत. वर मला नमस्कार करतो!

१४ जानेवारी. संक्रांत.
काल कौटुंबिक पाहिला. रडका. सून बिचारी पहिल्या रीळापासून खोकते. खोकला सुरू झाला की बाई शेवटी मरणार, हे न समजायला प्रेक्षक काय दूधखुळे आहेत?
माझी बायको कोकिळा आज शेजारच्या गौसियाभाभींबरोबर तोच पाहायला निघाली होती. बायांकडची कनातीपलीकडची जागा, दोघी मुसमुसत बसणार, घरी येऊन डोकं दुखणार. म्हणून मी तिला जेवताना सांगितलं, सून मरते, सासूला पस्तावा होतो, पोर पुढे वकील होतं. केवळ तिच्या भल्यासाठी. तर ही ताटावरच रडायला लागली. म्हणे, मले एक तं सिनेमा शेवट न सांगता पाहू द्या. लग्न झाल्यापासून एकाचाबी शेवट मले पडद्यावर पाहू नाही देल्ला तुमी.
सणासुदीला हे बोलणं! मी तिळगूळ घेतला नाही. नंतर घेतला.
ती गेलीच नाही. लुगड्याची घडी करून ठेवली. बायकोला सिनेमातलं काही कळत नाही, तिला शिकवायला हवं.

१९ जानेवारी
मारामारीचा. हीरो दरीवरून घोडा उडवतो. उडी घेताना घोडा पांढरा, पलीकडे उतरतो तेव्हा तांबडा. हवेत रंग बदलतो! मी ओरडलो. मागून कोणीतरी म्हणालं, काऊन बोंबलून राह्यला बे. चिखलीत शिक्षणाचा प्रसार झाला असं कोण म्हणतं?

२० जानेवारी
आज नजीरभाई स्वतः घरी आले. म्हणाले, महादेवरावजी, तुमी सिनेमा पाहा, खुर्चीवर बसून फुकट पाहा, पन भाईर निघून तोंड नका उघडू. लाच! मला! मी उठून उभा राहिलो आणि ठणकावून सांगितलं, की मी विकला जाणारा माणूस नाही. ते गेल्यावर कोकिळा म्हणाली, भल्या मानसाले च्या तरी घेऊ द्याचा. मुद्दा काय, ही बोलते काय.

२५ जानेवारी
तमाशापट. अत्यंत हिणकस. पाटील बिघडतो, गावही बिघडतं. लावण्या एकूण नऊ, पैकी एकही कथानकाला पोषक नाही. शेवट नीट लक्षात राहिला नाही, सबब उद्या पुन्हा जावं लागणार. केवळ अभ्यास म्हणून.

२६ जानेवारी
सकाळी झेंडावंदन. संध्याकाळी अभ्यास. शेवट अजून पक्का होत नाही.

३१ जानेवारी
रहस्यपट. वाड्यात म्हाताऱ्या जहागीरदाराचा खून. संशय पाच जणांवर. इंटरव्हलपर्यंत मी खुनी ओळखला. डॉक्टर! दिवसाढवळ्या घरात काळा चष्मा घालतो, दुसरं काय असणार? असल्या पोरकट रहस्यासाठी पुढे बसणं हा माझा अपमान आहे, असं दारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून बाहेर पडलो. पुन्हा या खेळाला पाय ठेवणार नाही, अशी जाहीर प्रतिज्ञा केली.
बाहेर पुढच्या खेळाची रांग उभी होती. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन सांगितलं, खुनी डॉक्टर आहे, घरी जा. कोणी गेलं नाही.

१ फेब्रुवारी
रांगेतले लोक मला पाहून हसतात. कारण कळेना. दयारामला विचारलं. तो म्हणाला, डाक्टर नाही हो साहेब. मग कोण? तर म्हणे, तिकीट काढा ना. आणि कापूस तोलायला लागला.
डॉक्टर नाही हे शक्यच नाही.

२ फेब्रुवारी
चहाच्या हॉटेलात विचारलं. हसले. बशीर टेलरला विचारलं. म्हणाला, आमच्या गौसियानं कसम घातली हाये, तुमाले नाही सांगाचं. अख्खं गाव एका कटात सामील! दोन दिवस जेवण गोड लागत नाही. जहागीरदाराचा मुनीम असेल का? पण मुनीम खुनाच्या वेळी अकोल्याला होता.
आणि कोकिळा! परवा मी डॉक्टर म्हणून सांगितलं, तरी ही काल जाऊन आली. आल्यापासून गाणं गुणगुणते. हिला खरा खुनी माहीत आहे. घरात, माझ्या पाटासमोर बसलेल्या बाईला माहीत आहे आणि मला नाही!

३ फेब्रुवारी
प्रतिज्ञा मोडून तंबूत जाणं अशक्य. नजीरभाई दारातच उभे असतात. कोकिळेला हुकूम केला, सांग. नाही म्हणाली. रागावलो. नाही म्हणाली. बाजारातून नवी साडी आणतो म्हणालो. आना, पन खुनी नाही सांगत, म्हणाली. मी साडी आणणार नाही.

४ फेब्रुवारी
शेवटी बायकोच उपयोगी पडते. सकाळी आपण होऊन म्हणाली, तो सिनेमा उद्या धाड गावच्या तंबूत जाऊन राह्यला म्हने. तिथं तुमाले कोन वळखते? रिळांची पेटी एसटीने जाते, तशी तुमी बी जा. तिथंच कोनाच्या ओट्यावर झोपा, सकाळच्या गाडीनं या. मालकांना पोट बिघडल्याचं कळवलं. हिने दशम्या आणि मिरचीचा ठेचासुद्धा बांधून दिला. माणूस हळूहळू सुधारतो.

५ फेब्रुवारी, धाड
आत्याबाई!!
आंधळ्या आत्याबाई, ज्या पहिल्या रीळापासून काठी टेकत फिरतात, त्यांना स्वच्छ दिसत असतं! शेवटी त्या भिंतीवरचं घड्याळ पाहून वेळ सांगतात आणि सगळ्यांच्या अंगावर काटा येतो. माझ्याही आला. मी उभं राहून आत्याबाई आत्याबाई असं ओरडलो. एका म्हाताऱ्याने सदरा ओढून मला खाली बसवलं. म्हणाला, हाव, आमाले बी दिसून राह्यलं.
इतकी मजा मला कधीच आली नव्हती. सिनेमामुळे नव्हे; हवापालट झाला म्हणून. आता झोप येणार नाही. उद्या घरी गेलो की कोकिळेला समोर बसवून पहिल्यापासून सगळं बोलायचं. घड्याळ कसं, काठी कशी. तिच्याशी बोलायला मन फार उतावीळ झालं आहे.

६ फेब्रुवारी, चिखली
एसटी उशिरा. घरी आलो तेव्हा कोकिळा आणि गौसियाभाभी ओट्यावर तुरी निवडत होत्या आणि काहीतरी बोलून इतक्या हसत होत्या, की सूप हलत होतं. मी जवळ गेलो तशा दोघींनी सुपात माना घातल्या. मी उभ्याउभ्याच म्हणालो, आत्याबाई! कोकिळा म्हणाली, हाव, माहीत हाये. तो जुना झाला आता.
मग पाहिलं, हिचे डोळे सुजले आहेत. रडून. पण चेहरा हसरा. काल नजीरभाईंकडे नवा खेळ लागला. या दोघींनी पहिल्याच दिवशी पाहिला. धाडला जाण्याचा सल्ला हिचाच आणि नेमका त्याच दिवशी नवा खेळ लागावा, काय योगायोग असतो एकेक!
भयंकर राग आला. कोणावर काढावा ते ठरेना. शेवटी विचारलं, कसा आहे? म्हणाली, लई चांगला हाये. पन तुमाले नाही आवडनार. मी विचारलं, शेवट काय? तिने गौसियाभाभींकडे पाहिलं. गौसियाभाभी तोंडाला पदर लावून घरी गेल्या.
कोकिळा म्हणाली, पाहाचा असंन तं आज जाऊन पाहा. पन येऊन मले काही सांगू नका, म्या पायला हाये.
संध्याकाळी तंबूपर्यंत गेलो. रांग मोठी होती. रांगेतल्या लोकांनी मला पाहून कानांवर हात ठेवले. मला सांगण्यासारखं काहीच नव्हतं.
तिकीट न काढता परत आलो. ती आत ते नवं गाणं गुणगुणत भाकरी थापत होती. मी ओट्यावर बसून राहिलो.