बाबाच्या पायाची जागा

श्रावण, सोमवार, १९५४. आरमोरी, दिवेलागण.

आजही नावेच्या फळ्या राखेनं घासल्या, मोहाच्या टोरीचं गरम तेल चोपडलं. काही उपयोग नाई. दोन दिवसांत पुन्हा बुरशी येतेच. बाबा अंथरुणाले लागला तवापासून नाव घाटावर बांधूनच आहे. मी शाळामास्तर, मले नाव चालवता येत नाई. काऊन शिकलो नाई?

मागच्या टोकाले बाबा जिथी उभा राहे, तेवढी दोन पावलांची जागा कोरी होती. तिथी कधी बुरशी धरलीच नाई.

रोज घरी आलो का तो पडल्या पडल्या विचारते, "माह्या पायाची जागा कोरी आहे ना?"

"आहे, बाबा."

आज तिथीही बुरशी दिसली. घासाले हात उचलला नाई. वाटेनं खोटं सांगाचं ठरवून घरी आलो, अन् आज बाबानं माह्या तोंडाकडे पाहिलं, विचारलंच नाई.