श्रावणात धुतलेला बर्फ

६ ऑगस्ट १९७४
डॉ. आज स्पष्ट बोलले. बाबांच्या गळ्यातली गाठ सोमवारी पणजीत काढायची, पण पोटात काही गेलं तरच. असेच खंगत राहिले तर टेबलावर घेणार नाहीत. आवाज राहील का, विचारलं. खांदे उडवले.
घरी आल्यावर आई पेज घेऊन बसली. बाबांनी मान फिरवली. गिळताना आग होते म्हणे. आई परत पेज गरम करायला उठली, तशी मी उगाच तिच्यावर डाफरले. राग तिचा नव्हताच.

७ ऑगस्ट
दु. शाळेतून आले. बाबा घोगऱ्या आवाजात पुटपुटले, "थंड काय तरी दी गो."
कानशिलं तापली माझी. गोवा मुक्तीनंतर डिचोलीपासून मयेपर्यंत जत्रा-जत्रांत ज्याने संचा फिरवून आइस्क्रीम विकलं, त्या माणसाला आम्ही ऊन पेज पाजतोय. धन्य आमची.
आणि गिऱ्हाईक जमवायची त्यांची ती आरोळी. चीनच्या राजाने डोंगरावरचा बर्फ दुधात कालवला, इराणच्या शहाने सरबतात, नेपल्सच्या खानसाम्याने मिठाची युक्ती काढून दूध गोठवलं, दिल्लीच्या बादशहाने कुल्फी खाल्ली, आणि आता तेच आपल्या नार्व्याच्या जत्रेत! बाबा पणजीच्या पोर्तुगीज हॉटेलात नोकरीला असताना त्यांना कुणीतरी सांगितलेलं. खरं किती कोण जाणे, मी तरी वर्गात शिकवणार नाही. पण लोक ती ऐकायलाच थांबायचे. आता तो आवाज...

८ ऑगस्ट
डॉ.ना विचारून आले. थंड, मऊ, काहीही चालेल, गिळलं पाहिजे.
संचा माळ्यावरून काढला. लाकडी बादली सुकून फटी पडल्यात. पाणी भरून ठेवली, फुगेल. मिठागरातल्या जाड्या मिठाला पावसाने पाणी सुटलंय. मडकं सुकायला चुलीवरच्या शिंक्यात टांगलं.
बर्फाचं काम सखारामवर. आमचा भाडेकरू, सावंतवाडीकडचा, मासळीचा ट्रक चालवतो. नारळी पौर्णिमा झाली, होड्या दर्यावर गेल्या, म्हापशाचा बर्फाचा कारखानाही सुरू झालाय. "उद्या हाडतंय, बाय," म्हणाला.

९ ऑगस्ट, शुक्रवार

सखाराम लादी घेऊन आला. कोंड्यात घातलेली, वरून गोणपाट. आई दारातच आडवी आली. "मासळीबरोबर इलेलो बर्फ? श्रावणात? नाय हां."
तिला समजावलं की बर्फ डब्याच्या बाहेर राहतो, दुधाला शिवत नाही. शेवटी तडजोड झाली, संचा अंगणात फिरवायचा. मी आटवलेलं दूध गार करायला आत गेले. बाहेर आले तर आई विहिरीवर बर्फ धूत होती. तुळशीचं पान घातलेलं पाणी ओतून झालं होतं. वास जाईना म्हणून आता कढत पाणी ओतत होती. काथ्याने घासतही होती, भांडं घासावं तशी.
निम्मी लादी गेली. मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.  आईने पदर खोचला आणि संच्याची मूठ धरून बसली. ती, मग सखाराम, मग मी. दूध घट्ट होऊन मूठ जड व्हायच्या आतच बर्फ संपला. डबा उघडला तर कडेला थोडं धरलेलं, मधे नुसतं दूध.
बाबा भिंत धरून दारात आले. चमचा मागितला. गिळताना तोंड वाकडं झालं, आईचं मनगट धरलं. पण गिळलं. मग आणखी एक. मग वाटी पुढे केली.
"बर्फात मीठ कमी घातलास," मला म्हणाले. मी रडले, तिथेच, सखारामसमोर.

१० ऑगस्ट
आज सखाराम मोठी लादी घेऊन आला. आई दूर उभी, नाकाला पदर, पण कढत पाणी चुलीवर नव्हतं. मीठ किती ते बाबांनी ओटीवर बसून बोटांनी दाखवलं. घट्ट झालं. सकाळी एक वाटी, सं. एक. आईने चमच्याला बोट लावून चाटलं, मी बघतेय हे कळल्यावर म्हणाली, वास येता हां थोडो.

११ ऑगस्ट, रविवार
उद्या पहाटे पणजी. डॉ. सकाळी बघूनच ठरवणार. दोन दिवसांचं खाणं पुरेल की नाही, देव जाणे. मला धास्ती वाटतेय, दुसरं काही लिहवत नाही.
सं. बाबांना म्हटलं, एकदा म्हणा ना आरोळी. हसले. चीनचा राजा झाला. इराणचा शहा झाला. नेपल्सपाशी खोकला आला, पाणी प्यायले, हात हलवला.
"उरलेलां परत इल्यावर."
आईने मिठाचं मडकं परत चुलीवरच्या शिंक्यात टांगलं.
दिल्ली राहिलीय. नार्वेही.