बोटाला उत्तर न देणारं द्राक्ष

प्रिय बाबा,

पत्र पाहून आईला विचाराल, "हिचा फोन बिघडला का?" फोन ठीक आहे. पण फोनवर तुम्ही "बरं, ठेवतो" म्हणता आणि माझं निम्मं बोलणं घशातच राहतं.

आई सांगते, उजवा हात लुळा पडल्यापासून तुम्ही गोठ्याकडे फिरकत नाही. कुणी गाय दाखवायला आणली तर आतूनच ओरडता, "गुरांचा डॉक्टर संपला!" आई चिडते ती माझ्यावर. "तूच सांग तुझ्या बापाला, माझं ऐकतोय होय!"

तर आधी माझ्या कामाचं सांगते. गायीच्या अंडाशयात बीज वाढवणाऱ्या पाणीदार फुग्यात, फॉलिकलमध्ये, म्हणजे तुमच्या भाषेतल्या द्राक्षात, बीज आणि भोवतीच्या पेशी एकमेकांना सतत निरोप धाडत असतात. वाढ, थांब, आता पुरे. आम्ही ते निरोप मोजतो. वर्षभर आकडे जुळेनात. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन्ही द्राक्षं बारा मिलिमीटरचीच, पण एकात वाढीची नुसती धांदल, दुसऱ्यात पेशींची आवराआवर सुरू झालेली. मशीन आकार सांगतं, पुढे काय होणार ते सांगत नाही.

आणि मला तो दिवस आठवला. सोनोग्राफीचं मशीन नवं, सगळा स्टाफ आमच्या संशोधन केंद्राच्या गोठ्यात, मी सव्वीस वर्षांची. मी म्हटलं, हे द्राक्ष फुटायला तयार आहे. तुम्ही गायीच्या मागून कोपरापर्यंत हात घालून, डोळे मिटून म्हणालात, "नाही गं, हे बोटाला उत्तर देत नाही. सुकतंय." मी सगळ्यांदेखत हसले. "बाबा, इथे विज्ञान चाललंय, भविष्य नाही." तुम्ही बादलीत हात धुतलात, साबण जागेवर ठेवलात आणि माझ्या गोठ्यात पुन्हा कधी आला नाहीत.

त्या गायीचं पुढे काय झालं, हे मी तुम्हाला सांगितलंच नाही. तीन दिवसांत ते द्राक्ष विरून गेलं. मी वहीत नोंद केली, घरी येऊन तुमच्या शेजारी बसून गप्प जेवले. सतरा वर्षं गप्पच आहे.

परवा आमच्या प्रमुखबाई वैतागून म्हणाल्या, "कुठलं वाढणार, कुठलं सुकणार, हे नमुना घेण्याआधीच ओळखणारं कुणी आहे का?" मी म्हटलं, आहेत, माझे बाबा. सोमवारी गाडी पाठवते. हाताचं निमित्त नको. उजव्यात तुम्ही फक्त नळी धरायचात, ती आमच्या प्रयोगशाळेतल्या मुली धरतील. आत जायचा तो डावाच, आणि तो शाबूत आहे. दिवसभर रेडिओचं बटण फिरवून डोकं उठवतो, असं आईच म्हणाली. आधी तुम्ही सांगायचं, मग आम्ही मोजायचं. पण त्याआधी, पहिली गाय उभी केली की, मला त्या जुन्या गायीचं सांगायचंय. त्या दिवशीचे बरेच जण अजून इथेच आहेत. हसले होते सगळ्यांदेखत, बाबा. माफी एकटीने पत्रातून कशी मागू?

तुमचीच,
थोरली