सावनदुर्गाचा माथा गाठला

बंगलोर, जानेवारी १९६१

तीर्थरूप बाबांच्या चरणी वसतिगृहातून कल्पनाचा नमस्कार.

बाबा, मी चढले! आई नको म्हणत असताना तुम्ही जा म्हणालात, म्हणून ही बातमी आधी तुम्हाला.

सावनदुर्ग म्हणजे एकच अखंड कातळ. आम्ही कॉलेजच्या मुली निऱ्या कमरेला घट्ट खोचून, एका दोराला धरून चढत होतो. सर्वांत पुढे आमच्या कमला मिस, शेवटी मी. अर्ध्यावर माझ्या पुढची वसुमती एकाएकी खालीच बसली. ती इथल्या जुन्या मराठी घरातली, माझ्या एक वर्ष मागे, एरवी भारी बडबडी.

"अक्का, मला होत नाही. पाय हलतच नाहीत. तुम्ही जावा."

तिला तिथे सोडून जायचं कसं? वारा असा सुटला होता की मलाही दोर दोन्ही हातांनी धरावा लागत होता. पण मी म्हटलं, "खाली बघू नकोस. पाऊल मी ठेवते, तू फक्त भार दे."

तिचा पाय उचलून मी खाचेत टेकवला, मग दुसरा. वरून मुली दोर ताणून धरत तिच्या नावाने ओरडत होत्या. "स्वल्प थांबा" म्हणत म्हणत ती माथ्यावर पोहोचली आणि तिने अशी आरोळी ठोकली की खालच्या गुराख्यांनी माना वर केल्या!

माझं कोपर जरा खरचटलंय, आईला सांगू नका. तुमचा खोकला कसा आहे? औषध घेता ना?

उतरताना पुढे कोण होणार, असं मिसनी विचारलं. सगळ्यांच्या आधी हात वर केला तो वसुमतीने.

पाय दुखत असूनही आनंदात असलेली,
तुमची कल्पना