शेवटच्या माणसाची हाक

गुरुवार, २८ नोव्हेंबर २०२४, मोताळा

आले एकदाची! आमच्या बीबी गावाहून निघताना आई म्हणत होती, एवढं भूगर्भशास्त्र शिकून पोरगी शेवटी दगडच फोडणार. फोडणार नाही आई, लोकांना दाखवणार आहे. खोली बियाण्यांच्या दुकानाच्या वर आहे, खिडकी रस्त्यावर. दिवसभर कापसाच्या गाड्या जातात आणि समोरच्या बोरीच्या काट्यांना कापूस लटकून राहतो. घरमालकीणबाईंनी विचारलं, एकटीच राहणार का. म्हटलं, हो, आणि दगड.

काम सोपं आहे. आल्हाद सरांची पर्यटन संस्था दर रविवारी चौदा जणांना धामणगाव बढेच्या पलीकडे डोंगरात नेते. सकाळी एका तोंडाने दरीत शिरायचं, दगड बघत चालायचं, दुसऱ्या तोंडाने बाहेर पडून जेवायचं. वाटाड्या म्हणून पुढे मी. पत्रकावर छापलंय, ‘विदर्भातलं वालुकाश्मांचं नगर’. वालुकाश्म कुठला? सगळा काळा बेसाल्ट आहे, मध्ये फक्त लाल गेरूमातीचा एक थर. सरांना सांगितलं. ते म्हणाले, मॅडम, वालुकाश्म म्हटलं की लोक येतात, बेसाल्ट म्हटलं की घरी बसतात. आज मी हसले. पहिलाच दिवस आहे, उगाच कशाला वाजवायचं.

रविवार, १ डिसेंबर

पहिली सहल झाली. पाय दुखताहेत आणि डोकं तापलंय. दोघांनी किल्लीने दगडावर नावं कोरली. एकाने चिप्सचं पाकीट कपारीत असं खोचलं, जणू देवाला फूल वाहतोय. मी ओरडले तर म्हणे, ताई, आम्ही तिकीट काढलंय. तिकीट काढलंस म्हणून डोंगर काय तुझ्या काकाचा झाला?

दरी मात्र सुंदर आहे, ते खोटं नाही. शेवटी एक अरुंद घळ लागते, तिला इथे सांदी म्हणतात. दोन्हीकडे उभे कडे, मध्ये एक माणूस जेमतेम मावतो, वर आकाशाची नुसती चिंधी. तीनशे पावलं आणि तीन वळणं. पुढचा एक सोडून दुसरा माणूस दिसत नाही, म्हणून प्रत्येकाला गाडीतच नंबर दिलेला असतो. वळणावर थांबून मी ओरडायचं, “मोजा!” मग एक, दोन, तीन करत हाक मागे जाते.

दुसऱ्या वळणावर चौदा आकडे झाले आणि त्यामागून एका पुरुषाचा आवाज आला, “सरलं!” कोणीतरी मजा करतंय असं वाटलं. पण चौदा नंबर हिमानीताईंचा होता. बँकेतल्या, बारीक आवाजाच्या. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुमचाच माणूस आहे मागे.

आमचा ड्रायव्हर इंद्रभान गाडी वळसा घालून पलीकडच्या तोंडाशी आणतो. त्याला विचारलं, तू आत आला होतास का. तो काच पुसायचा थांबला. “मॅडम, तुमीबी आयकलं?” एवढंच बोलला आणि पुन्हा तीच काच पुसायला लागला.

मंगळवार, ३ डिसेंबर

इंद्रभानला चहाला बसवून बोलतं केलं. ऐकून अंगाचा तिळपापड झाला आहे.

फेब्रुवारीपर्यंत रांगेच्या शेवटी एक माणूस असायचा. कचरू. पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या मागे चालायचा आणि मोजणी झाली की हाक द्यायचा, सरलं. म्हणजे रांग संपली, माझ्या मागे कोणी नाही. अठरा फेब्रुवारीला सांदीतून चौदा जण बाहेर आले, कचरू आला नाही. आल्हाद सरांनी गाडीत मोजलं. चौदा. हिशेब बरोबर! गाडी निघाली. कचरूला नंबरच नव्हता. दुसऱ्या दिवशी दोघं बॅटरी घेऊन आत जाऊन आले, आणि मग सरांनीच गावात पसरवलं की गडी सुरतेला पळाला. तेव्हापासून शेवटचा माणूस ठेवायचं बंद.

जेवण रांधणाऱ्या तानाबाई कचरूच्या बायको आहेत. रविवारी त्यांनी मला ठेचा वाढला, वर आग्रह केला. मी मिटक्या मारत खाल्ला. लाज वाटते आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

तानाबाईंच्या घरी गेले. बाबासाहेबांच्या फोटोला हार, समोर मेणबत्ती. दरवर्षी या दिवशी दोघं दादरला जायची. यंदा त्या गेल्या नाहीत. तिथल्या गर्दीत कचरू त्यांचा हात घट्ट धरून चालायचा. त्या म्हणाल्या, “हात सोडतच नव्हते हो. बांगडी रुतायची, तरी नाई.”

त्या दिवसाचं त्यांनी सगळं सांगितलं, आणि एकदाही रडल्या नाहीत. “मी भाकरी थापून राह्यली होती. त्यायची हाक आली, सरलं. म्या म्हटलं आता येतीन. मंग थोड्या टायमानं पुन्हा आली, सरलं. दुसऱ्या बारीचीबी त्यायच्याच आवाजात होती, पण ते ते नोहोते. तीस वर्सं आयकला तो आवाज, मले नाई समजन काय? मी समद्यायले सांगतलं. कोण आयकते?”

कचरूचा एक नियम होता, बापाकडून आलेला. बाप जंगलात लाकूडतोड्यांच्या मागे चालायचा. मांगं कोणी असलं तं निंघाचं नाई. तानाबाईंचं म्हणणं एकच आहे, त्यांच्या मागे कोणीतरी होतं, म्हणून ते निघाले नाहीत.

मी म्हटलं, मावशी, भुतंखेतं नसतात. आमच्या घरी असलं काही बोललं की बाबा बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावायचे. त्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. “मी भूत कुठी म्हणून राह्यली? मानूस म्हणून राह्यली मी. मानूस राह्यला आतमंदी, अन् कोणी मोजला नाई.”

येताना त्यांनी पिशवीत तुरीच्या शेंगा घातल्या.

रविवार, ८ डिसेंबर

हाक आज पुन्हा आली. तेरा, चौदा, सरलं. नीट ऐकलं. वयस्क, खरखरीत, जवळचा आवाज. प्रतिध्वनी नाही. सरलं असं पुढून कोणी म्हटलंच नव्हतं, तर घुमणार काय?

लोक जेवायला बसल्यावर मी बॅटरी घेऊन एकटी परत शिरले. दुसऱ्या वळणावर खाली गेरूची लाल भुकटी आहे. तिच्यावर आमच्या सगळ्यांच्या बुटांचे ठसे होते, आणि त्या ठशांवर, वरून, टायरच्या चपलेचे. म्हणजे आमच्यानंतर उमटलेले. ते वळणापर्यंत येऊन थांबले होते. परत फिरल्याची खूण नाही, पुढे गेल्याचीही नाही.

बाहेर येऊन तानाबाईंना विचारलं, कचरूभाऊंच्या पायात काय असायचं. त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, टायरची चप्पल.

भीती वाटली का? वाटली. पण त्याहून संताप जास्त आला. कोणी चेष्टा करत असेल तर त्याला शोधायला हवं, आणि माणूस असेल तर त्याला काढायला हवं. काहीही असलं तरी शोध घेणं आलंच ना?

सोमवार, ९ डिसेंबर

ऑफिसात भांडले. म्हटलं, पूर्ण सांदी तपासा, कचरू बेपत्ता असल्याची तक्रार द्या, शेवटचा माणूस परत ठेवा. आल्हाद सर शांतपणे लॅपटॉपकडे बघत म्हणाले, “त्याचा नंबरच नव्हता मॅडम, मग तो हरवला असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?”

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवते आहे. उद्या कोणी म्हणायला नको की मंजुश्री तिखटमीठ लावते.

माझा आवाज चढला. बाहेरचा गोपाल शिपाई दारात येऊन उभा राहिला. शेवटी सर म्हणाले, एवढा पुळका आहे तर येत्या रविवारी तुम्हीच चाला शेवटी, पुढे मी असतो. म्हटलं, चालेन. पण मला पंधरा नंबर द्या. ते हसले. म्हणे, वाटाड्याला नंबर नसतो. काखा वर करायचं शिक्षण कुठे मिळतं, या माणसाने तर त्यात डॉक्टरेट केली असेल.

ठीक आहे. मी शेवटची. कचरू आत असेल तर त्याला घेऊनच बाहेर येईन, आणि गाडीत सरांच्या शेजारी बसवीन.

शनिवार, १४ डिसेंबर

बॅटरी, शिट्टी, दोरी, पाणी. ही वही खिशात. आईला फोन केला, काही सांगितलं नाही. तानाबाईंना निरोप पाठवला की उद्या आवाज आला तर कान देऊन ऐका.

रविवार, १५ डिसेंबर
सकाळी १०.२०, पहिलं वळण

चौदा आकडे झाले. मग मी ओरडले, सरलं! स्वतःचंच हसू आलं. मागे शांतता. सर पुढून म्हणाले, आवाज खणखणीत आहे हो मॅडम. सगळे हसले. हसा.

१०.३५, दुसरं वळण

मी म्हटलं, सरलं. मागून आलं, सरलं.

बॅटरी मारली. नुसता कडा, लाल धूळ. पुढे ओरडले, थांबा, मागे माणूस आहे. सर ओरडले, जेवायला थांबणारच आहोत, या सावकाश. पावलं दूर गेली. एकसुद्धा मागे वळला नाही. एकसुद्धा! चौदा माणसं आणि एकाच्याही छातीत काळीज नाही.

फोनला रेंज नाही. पुढे गेले तर साठ पावलांवर उजेड आहे. पण मी गेले तर माझ्यात आणि सरांत फरक काय राहिला?

१०.५०

विचारलं, कचरूभाऊ?

“हाव.”

अगदी जवळून. वळणाच्या पलीकडे. म्हटलं, चला, तानाबाई बाहेर आहेत, भाकरी थापताहेत. मग—

“मांगं मानूस हाय.”

म्हटलं, त्यालाही घेऊ, आधी तुम्ही या. हात द्या. मी डावा हात वळणापलीकडे घातला.

हात आला. खरबरीत, थंड, गेरूने माखलेला. खरा हात. माणसाचा. मी रडले, रागाने रडले. दहा महिने. साठ पावलांवर.

११.१५

ओढते आहे. येत नाहीत. त्यांचा दुसरा हात मागे कोणीतरी धरलाय. त्याचा आणखी मागे कोणीतरी. ओढलं की ताण लांबवर जातो, कळतं मला— हिसका बऱ्याच वेळाने परत येतो. किती जण आहेत? कोणी कोणी मागे सोडलेली—

कधीपासून मोजत नाहीत हे लोक?

११.४०

वही गुडघ्यावर. उजव्या हाताने लिहिते. शिट्टी वाजवली, आवाज कड्यातच मुरतो. बाहेर ताटांचा आवाज येतोय. कोणीतरी ठेच्याने ठसकलं. इतकं जवळ आहे.

मी म्हटलं, थोडं बाहेर जाऊन माणसं आणते. हात सैल केला. त्यांनी नाही केला. पकड दादरच्या गर्दीतली आहे. माझं घड्याळ मनगटात रुतलंय.

कचरूभाऊ म्हणाले, “तू निंघशीन तं मी मांगंच राहीन ना माय.”

१२.१०

सर बाहेर मोजताहेत. ऐकू येतंय. नऊ. दहा. अकरा. बारा. तेरा. चौदा. झाले सगळे.

तानाबाई ओरडताहेत. पोरगी कुठी हाय, पोरगी निंघाली नाई. इंद्रभानही काहीतरी बोलतोय. थांबलेत. शाबास मावशी. सर सांदीच्या तोंडाशी आले— त्यांचा आवाज आत आला, मॅडम, कोणी राहिलंय का मागे?

मी ओरडते आहे. मी राहिले आहे, कचरूभाऊ राहिलेत, आम्ही सगळे—

आवाज घशाबाहेर येत नाही—

मागून, पार मागून, कोणीतरी उत्तर दिलं. सरलं.

आवाज माझा होता. खणखणीत. मी तर तोंड—

सर म्हणाले, ऐकलंत? येतील त्या मागून चालत. चला.

गाडी सुरू झाली. मावशी, तो माझा नाही— तुम्हाला कळतं ना, तुम्हालाच कळतं— भाकरी ठेवा खाली, ऐका, मी इथे पंधरा—