गिराण मागायचं नाय

मुकुंदवाडी, औरंगाबाद
दि. २० जानेवारी १९८०

ती. दादांस, गीताचा सविनय जयभीम वि. वि.

मी मामांकडं खुशाल आहे. नामांतराच्या लाँग मार्चच्या धरपकडीत मामांना दोन दिवस आत ठेवलं होतं. ते सुटून परत चिकलठाण्याच्या कारखान्यात जाऊ लागले. मामी म्हणते, तुझ्या विद्यापीठाच्या नावापायी माझे गहू निवडायचे राहिले. रोज एवढं बोलते आणि मला जास्तीची भाकरी वाढते.

एम.ए.च्या प्रबंधाचा विषय ठरला. फार जुन्या काळी लोक आकाश कसं बघत, ग्रहणाचा अर्थ काय लावत, ते लिहायचं आहे. बॅबिलोनचे लोक मातीच्या पाट्यांवर ग्रहणं टिपून ठेवत आणि पुढचं कधी येईल ते आधी ओळखत. तरीही ग्रहण राजाच्या जिवावर येतं असं मानत. मग कुणातरी साध्या माणसाला राजाचे कपडे घालून सिंहासनावर बसवत. अरिष्ट त्याच्यावर गेलं की त्याला मारत, आणि खरा राजा परत येऊन बसे.

येत्या १६ फेब्रुवारीला, शनिवारी दुपारी सूर्यग्रहण आहे. सर म्हणाले, पुस्तकातलं पुष्कळ झालं, आता गावाकडचं विचारून आण. आपल्या गावात पूर्वी ग्रहणाला काय करत? सवडीनं लिहा. आईच्या गुडघ्यांना तेल लावता ना?

माया आहे तशीच राहू द्यावी.
आपली,
गीता

*

वस्तीवरून, ता. वैजापूर
दि. २८ जानेवारी १९८०

चि. गीता हिस, दादाचा आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र पोचलं. तू विचारलं ते मी तुम्हा लेकरांना कधी सांगितलं नाय, सांगणारही नव्हतो. मी सात-आठ वर्षांचा असंन. गिराण लागलं की माझी आय मला घेऊन गावात निघायची. ‘दे दान सुटे गिराण’ असं ओरडत दारोदार फिरायचं. माणसं लांबूनच आमच्या टोपल्यात दाणे टाकायची, जुनेर टाकायची. राहू तुमच्यातलाच, त्यानं सूर्य धरलाय, तुम्हीच त्याला सोडायला सांगा, असं म्हणायची. त्यांच्या घरावरचं अरिष्ट दाण्यासंगं आमच्याकडं यायचं, अन् आम्ही ते दळून खायचो. छप्पनला बुद्धाच्या धर्मात आलो तवा ते सोडलं. तुझ्या त्या सिंहासनावरच्या माणसाचं मी पुन्हा वाचलं.

आता काळजीचं लिहितो. काल अप्पारावांनी बोलावलं. त्यांच्याच शेतात मी अन् तुझा भाऊ कचरू कामाला जातो, तुला ठाऊक हाय. ते म्हणाले, या गिराणाला वस्तीतल्या दोघांनी पूर्वीसारखं मागायला यावं. त्यांची सून सत्यभामा पोटुशी हाय, दिवस भरत आलेत. आधीची दोन लेकरं जन्मताच गेली. दोन्ही खेपेला सुईण तुझी आईच होती. अप्पाराव भ्यालेत, ते मला दिसत होतं. मी म्हणालो, पोरीसाठी दुसरं काहीबी सांगा, हे नाय. तर म्हणाले, मग कामावर येऊ नका, अन् पोरीला काही झालं तर बघून घेऊ.

दीड वर्षामागं नामांतराच्या दंगलीत आपलं छप्पर जळलं, त्याच्या आधीबी असंच बोलणं झालं होतं. तुझी आई ताटावरून तशीच उठते.

अभ्यासात हयगय करू नको.
तुझा दादा,
सांडू

*

मुकुंदवाडी
दि. ४ फेब्रुवारी १९८०

ती. दादांस, सविनय जयभीम.

पत्र पोचलं. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, सगळ्यांनी पंधरा तारखेला इथं निघून यावं. खोली लहान आहे, पण मामीनं आत्ताच अंथरुणं मोजली. तुम्ही या. घराला कुलूप लावा आणि या.

आईला माझं एवढं सांगा, सत्यभामावहिनींकडं जाऊ नको. मूल दगावलं तर दोष ग्रहणाला देणार नाहीत, आपण मागायला गेलो नाही म्हणून दगावलं असं म्हणतील. दोनदा दगावलं तेव्हाही सुईण हीच होती, हेही कुणीतरी बोलेल. सूर्यावर चंद्र येतो, बाकी काही नाही, हे मला सांगता येतं. पण अप्पारावांच्या दारात ते कोण ऐकणार?

येताना कचरूभाऊच्या पोरांना स्वेटर घाला. उत्तराची वाट बघते.

आपली काळजीत असलेली,
गीता

*

मुकुंदवाडी
दि. १८ फेब्रुवारी १९८०

ती. दादांस, सविनय जयभीम.

घर सोडून यायचं नाय, एवढ्या एका ओळीचं तुमचं कार्ड आलं. त्यानंतर काहीच नाही. ग्रहण होऊन दोन दिवस झाले.

त्या दुपारी इथं रस्ते ओस पडले होते. मामांच्या कारखान्यात निम्मी माणसं आलीच नाहीत. सरांनी मला वेळा टिपायला बसवलं होतं, मी दोनदा चुकले. सर रागावले नाहीत, घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. काल मामा मोंढ्याच्या बाजारात जाऊन वैजापूरहून कांदा आणणाऱ्या ट्रकवाल्यांना विचारून आले, कुणाला काही माहीत नव्हतं.

गुरुवारपर्यंत पत्र आलं नाही तर मी निघते. मग मला रागावू नका.

आपली,
गीता

*

वस्तीवरून, ता. वैजापूर
दि. १९ फेब्रुवारी १९८०

चि. गीता हिस, आशीर्वाद व जयभीम.

आम्ही सगळे धडधाकट हाओत. आधी एवढं वाच, मग बाकीचं.

शनिवारी दुपारी गावानं दारं लावून घेतली. ऊन फिकं पडाया लागलं अन् अप्पारावांची बायको सारजाबाई एकटीच डोईवर पदर घेऊन वस्तीवर आली. म्हणाली, सत्यभामाच्या कळा सकाळपासून चालू हायेत, मूल अडलंय, अन् कुणी घराबाहेर पडंना. मी तुझ्या आईला जाऊ नको म्हणालो. तू लिहिलं होतं ते सगळं बोललो. ती म्हणाली, त्या पोरीनं दोनदा माझा हात धरलाय. पदर खोचून निघाली. मग मीबी मागं गेलो.

ती आत गेली. मी अंगणात उभा राहिलो. लहानपणी टोपलं घेऊन तिथंच उभा राहायचो. अप्पाराव दाराच्या आत बसले होते, माझ्याकडं बघत नव्हते. आतून पोरीचं ओरडणं येत होतं. मधी ते बंद झालं. कचरूला लेकरं घेऊन वैजापूरला पळ म्हणून सांगायला हवं होतं, असं वाटलं.

चारच्या सुमाराला लेकरू रडलं. मुलगी हाय. तुझ्या आईनं तिला दारात आणून अप्पारावांना दाखवली, ओठ, कान, बोटं. सारजाबाईनं बोटं पुन्हा मोजली. अप्पाराव सुपात ज्वारी घेऊन आले, पूर्वीसारखी लांबून टाकायला. तुझी आई म्हणाली, मी गिराण मागाया आले नव्हते. सुईणीची चोळी द्यायची असंल तर बारशाला हातात द्या. ते सूप धरून तसेच उभे राहिले. आम्ही घरी आलो.

काल कामाचं बोलावणं आलं नाय, आजबी नाय. कचरू म्हणतो, मामांना विचारून चिकलठाण्याला लागतो. त्यांना विचारून बघ. बारशाचं काय होतं ते ठाऊक नाय. सत्यभामानं मात्र काल तुझ्या आईला बोलावणं धाडलं, लेकराच्या अंगाला तेल लावायला.

एक लिहायचं राहिलं. त्या अंगणात चिंचेचं झाड हाय. पाल्यातून खाली उन्हाचे गोल ठिपके पडतात. त्या वेळेला सगळे ठिपके बिजेच्या चंद्रासारखे झाले होते. शेकडो. माझ्या धोतरावर, पायावर. मी हात पुढं केला तर हातावरबी आले. लेकरू रडंपर्यंत मी तेच बघत होतो. पूर्वी इतकी गिराणं मागितली, पण नजर टोपल्यात असायची. डोळ्यांनी पाहिलं हे पहिलंच.

ते ठिपके तसे का झाले, तुझ्या सरांना विचारून मला नीट लिहून कळव.

तुझा दादा,
सांडू