उतरताना कोणता हात

अगं, ऐक,

कॉलेज सोडून मी वेल्डिंगच्या दुकानात लागलोय. पक्षाघाताने आजोबांचा डावा हात लुळा पडला, तेव्हा बाबा म्हणाले, "यांची खाट खाली आणा." आजोबांना वरचीच खोली हवी. माझं डोकं फिरलं. बाबांशी भांडून मी एका दिवसात जिन्याला चढताना उजव्या हाताला येईल असं रेलिंग ठोकलं. आजोबा ते धरून न अडखळता वर गेले. उतरताना मात्र रेलिंग डाव्या हाताला आलं! मग ते शिडीवरून उतरावं तसे, जिन्याकडे तोंड करून, उजव्या हाताने धरत उलटे उतरले. बाबा ओरडले, मीही ओरडलो. खाली पोचल्यावर आजोबा म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, मला परत यायचंय हे विसरलात होय?"

तू असतीस तर आधी विचारलं असतंस. मी कुणालाच विचारत नाही. आपल्या लग्नाची तारीखसुद्धा परस्पर ठरवून आलो होतो, म्हणून तर तू लग्न मोडलंस.

आज दुसऱ्या बाजूचं रेलिंग आणलंय. आजोबांना विचारलं, "उंची किती ठेवू?" अर्धा तास झाला, ते हात वरखाली करून बघतायत. माझा जीव नुसता वरखाली होतोय, म्हणून हे लिहीत बसलोय. पाठवणार नाही. पण ड्रिलला हात लावलेला नाही, बरं का.

अजून थांबलेला,
तुझा तापट